पहारेकऱ्याचा कान : ठाण्याच्या किल्ल्यातील एका कैदेची आख्याने

कैदेच्या आख्यानात बहुधा दोनच पुरुषांना नाव असते. एक कैदी आणि दुसरा त्याला कैदेत टाकणारा. ह्या दोघांच्या मध्ये रात्रंदिवस बंदूक घेऊन उभा असलेला शिपाई भिंतीचा, गजांचा, खंदकाचाच एक भाग मानला जातो. तो झोपला, फितला किंवा फसला तरच निवेदक त्याच्याकडे वळून पाहतो, आणि तेही निसटण्याची गोष्ट पुढे सरकावी म्हणून. पदच्युत झालेल्या, बदनाम झालेल्या सत्ताधीशाच्या पहाऱ्यावर सामान्य शिपाई नेमला जातो तेव्हा त्याच्या आणि कैद्याच्या दरम्यान नेमके काय घडते, हा प्रश्न मराठी ऐतिहासिक वाङ्मयाने, आणि त्या वाङ्मयाच्या समीक्षेनेही, क्वचितच विचारला आहे. ह्या प्रश्नाला एक फार जवळचे उदाहरण आहे, आणि ते ठाण्यातच आहे.

दुसऱ्या बाजीरावाचा कारभारी त्र्यंबकजी डेंगळे हा १८१५ च्या सप्टेंबरात इंग्रजांच्या स्वाधीन करण्यात आला आणि ठाण्याच्या किल्ल्यात बंदोबस्ताने ठेवला गेला. जासूदगिरीतून वर चढलेला हा माणूस तोवर पेशव्यांच्या दरबारातील सर्वांत बलवान आणि सर्वांत तिरस्कृत पुरुष झाला होता. महसुलाच्या इजाऱ्यांची जी पिळवणूक त्या काळाच्या नावाशी कायमची चिकटली, तिच्याशी त्याचे नाव जोडलेले आहे. त्याच वर्षीच्या जुलैत गायकवाडांचे वकील गंगाधरशास्त्री पटवर्धन यांचा पंढरपुरात खून झाला. शास्त्री कंपनीच्या हमीवर पुण्यास आलेले होते, त्यामुळे रेसिडेंट एल्फिन्स्टनने खुनाची जबाबदारी त्र्यंबकजीवर ठेवून त्याची मागणी केली. पेशव्याने पुष्कळ चालढकल केली, पण अखेर त्याला तो द्यावा लागला. कैदी फार मोलाचा असल्यामुळे पहाऱ्यावर केवळ गोरे शिपाई ठेवण्यात आले. एतद्देशीय शिपाई फितेल, त्याच्याशी जातीचे, गावचे, मुलखाचे काही नाते निघेल, निदान बोलणे तरी होईल, अशी भीती ह्या व्यवस्थेच्या मुळाशी होती. १८१६ च्या सप्टेंबरात त्र्यंबकजी निसटला. किल्ल्यातील एका अधिकाऱ्याचा मोतद्दार धन्याचा घोडा फिरवीत कैद्याच्या खिडकीखालून जाई-येई आणि जाता-येता गात असे. पळून जाण्याचा सारा बेत त्या गाण्यातून वर पोहोचत होता. पहारेकरी गाणे ऐकत होते, पण त्यांना मराठी येत नव्हते.

ही कथा ज्यांच्यामुळे टिकली त्यांत जेम्स ग्रँट डफ प्रमुख आहे. त्याचा मराठ्यांचा इतिहास १८२६ साली प्रसिद्ध झाला. डफ हा एल्फिन्स्टनच्या हाताखाली काम केलेला अधिकारी, त्यामुळे ठाण्याची नामुष्की त्याच्या दृष्टीने घरातलीच गोष्ट होती. त्याच्या निवेदनातील एक कारणवाचक उपवाक्य समीक्षकाने थांबून पाहावे असे आहे. युरोपियनांना भाषा कळत नसल्यामुळे त्यांना संशय आला नाही, हा त्या उपवाक्याचा आशय. वरवर पाहता हे स्पष्टीकरण पुरेसे वाटते. त्यात शिपायांना दोष नाही आणि अधिकाऱ्यांनाही नाही. दोष भाषेचा आहे, म्हणजे कोणाचाच नाही. पेचात सापडलेल्या राजवटीचा इतिहासकार ज्या प्रकारचे कारण शोधतो, त्या प्रकारचे हे कारण आहे.

परंतु ते टिकत नाही. किल्ला म्हणजे केवळ गोरी पलटण नव्हे. मोतद्दार तेथे होता, हाच त्याचा पुरावा आहे. जेथे अधिकाऱ्यांचे घोडे आहेत तेथे मोतद्दार आहेत, गवत आणणारे आहेत, पखाली वाहणारे, स्वयंपाकघरात राबणारे, कपडे धुणारे आहेत. ह्यांपैकी बहुतेकांना मराठी समजत असणार, आणि उघड्यावर गायलेले गाणे खिडकीपाशी जाऊन थांबत नाही. तेव्हा दोनच शक्यता उरतात. गाण्याचा अर्थ उघड असेल, तर किल्ल्यातील अनेकांना तो कळला होता आणि ते गप्प राहिले. अर्थ झाकलेला असेल, म्हणजे ऐकणाऱ्या मराठी माणसालाही ते नेहमीचे कामाचे गाणे वाटावे अशी त्याची रचना असेल, तर मग गोऱ्या पहारेकऱ्याचे भाषेचे अज्ञान हे पलायनाचे कारणच राहत नाही. त्याच्या जागी कोकणातला किंवा देशावरचा शिपाई असता तरी तो फसलाच असता. दोन्ही बाजूंनी डफचे उपवाक्य अपुरे पडते. पहिली शक्यता खरी असेल तर कथेचा विषयच बदलतो. पहारेकऱ्याला काय कळले नाही ह्यापेक्षा ज्यांना कळले त्यांनी काय केले, हा प्रश्न पुढे येतो. वाचनव्यवहाराच्या परिभाषेत सांगायचे तर ह्या गाण्याला तीन श्रोते होते. ज्याच्यासाठी ते गायले गेले तो, ज्याला ते कळू नये म्हणून गायले गेले तो, आणि ज्याचा निवेदकाने हिशोबच धरला नाही तो. तिसऱ्याच्या मौनावर सारे पलायन उभे होते, आणि इतिहासकाराच्या वाक्यात त्या मौनाला जागा नाही.

आता गाण्याकडे. त्याची जी संहिता आज वाचायला मिळते ती इंग्रजीत, पद्यात, बिशप रेजिनाल्ड हेबर यांच्या प्रवासवृत्तात. हेबर कवी होता, स्तोत्रकार म्हणून इंग्लंडात त्याची ख्याती होती, आणि मराठी ही त्याची भाषा नव्हती. १८२६ मध्ये तो वारला आणि दोन वर्षांनी त्याचे प्रवासवृत्त छापले गेले. त्यातल्या गीतात दडून बसलेले साथीदार आहेत, झाडाखाली उभा असलेला घोडा आहे, जंगलातून जाणारी वाट आहे, आणि मोजदादीत एक माणूस कमी पडतो आहे. चाल इंग्रजी पोवाड्याची आहे. मुख्य म्हणजे गीताचा अर्थ इतका उघडा आहे की ते मराठीत गायले गेले असते तर मराठी समजणाऱ्या कोणालाही दुसऱ्या कडव्याला बेत कळला असता. हेबरचे गीत ज्या वाचकासाठी रचलेले आहे, त्याला आधीच ठाऊक आहे की कैदी निसटला आहे. पहारेकऱ्याला जे उशिरा समजले ते त्याच्या वतीने कोणीतरी नंतर पद्यात मांडले, असे ह्या संहितेचे स्वरूप आहे. तिला मोतद्दाराचे गाणे म्हणण्यापेक्षा पहारेकऱ्याचे गाणे म्हणणे अधिक बरोबर होईल.

हे येथे एवढ्याचसाठी सांगायचे की हेबरचे पद्य मराठीत उतरवून त्याला लोकगीताचा दर्जा देण्याचा मोह मोठा आहे. मूळ हरवले आहे आणि भाषांतर हाती आहे, तेव्हा भाषांतरावरून मूळ उभे करावे, असा तो मोह. पण उलट भाषांतराने मोतद्दाराचा आवाज परत येत नाही. बिशपचाच आवाज मराठी पोशाखात येतो. वसाहतकाळातील मौखिक वाङ्मयाच्या अभ्यासात ही चूक वारंवार घडते. डफच्या ग्रंथाचेही असेच झाले. १८३० च्या सुमारास त्याचा मराठी अनुवाद ‘मराठ्यांची बखर’ ह्या नावाने निघाला. बखर हा शब्द शीर्षकात आल्याने परक्याचे निवेदन घरचे झाले. नीळकंठ जनार्दन कीर्तने यांनी १८६७-६८ मध्ये त्यावर जी टीका केली तिच्यापासून मराठीत इतिहासाच्या चिकित्सेची सुरुवात मानतात, आणि ते योग्यच आहे. मात्र त्या परंपरेने साधने, तारखा, हेतू यांची चिकित्सा जितक्या जोमाने केली, तितकी निवेदनाच्या रचनेची केली नाही. एखाद्या उपवाक्यात कोणाला कर्तेपण मिळते आणि कोणाचे हिरावले जाते, हा प्रश्न तिला फारसा पडला नाही.

१८१८ मध्ये त्र्यंबकजी नाशिककडच्या मुलखात पुन्हा पकडला गेला. मधल्या काळात बरेच घडून गेले होते. निसटल्यावर त्याने भिल्ल, रामोशी, मांग अशा लोकांतून माणसे जमवली. त्याला पेशव्याचा आतून आश्रय आहे ह्या कारणावरून १८१७ च्या जूनमध्ये पुण्याचा तह बाजीरावावर लादला गेला आणि नोव्हेंबरात खडकीची लढाई झाली. ठाण्यातल्या एका गाण्याला एवढे राजकीय मोल आहे. ह्या खेपेला इंग्रजांनी त्याला महाराष्ट्रात ठेवलेच नाही. गंगेकाठच्या चुनारच्या किल्ल्यात त्याची रवानगी झाली आणि तेथेच १८२९ मध्ये तो मेला. हेबरने १८२४ मध्ये त्याला चुनारला पाहिले. त्या भेटीच्या वर्णनातील दोन तपशील प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचे आहेत.

पहिला पहाऱ्याचा. चुनारला गोऱ्या पहाऱ्याबरोबर एतद्देशीय पहाराही होता. कैदी क्षणभरही नजरेआड होऊ दिला जात नसे. त्याच्या निजायच्या खोलीच्या तीन गजांच्या खिडक्या पहारेकरी बसत त्या ओसरीवरच उघडत होत्या. ठाण्याची चूक येथे दुरुस्त झालेली दिसते. मिशेल फूकोच्या १९७५ मधील ग्रंथानंतर तुरुंग म्हणजे प्रामुख्याने नजरेची व्यवस्था, हे समीकरण आपल्याकडच्या सैद्धान्तिक लेखनातही रुळले. बेंथमच्या आराखड्यातील मनोऱ्यावरचा पहारेकरी पाहतो. तो काही ऐकतो की नाही, ह्याला ह्या समीकरणात गौण स्थान आहे. ठाण्यात डोळा चोख काम करीत होता. घोडा दिसत होता, मोतद्दार दिसत होता, खिडकी दिसत होती. जे निसटले ते कानावाटे निसटले. बहुभाषिक साम्राज्यात नजरेला दुभाष्या लागत नाही, कानाला लागतो, आणि दुभाष्या ठेवला की फितुरीची शक्यता आलीच. चुनारच्या व्यवस्थेत डोळा आणि कान ही कामे दोन वेगळ्या पहाऱ्यांत वाटली गेली आणि दोघांनी एकमेकांवरही पहारा ठेवावा अशी योजना झाली, असे अनुमान करता येते. मुलूखही बदलला होता, हे विसरून चालणार नाही. गंगेच्या काठी घोडा फिरवीत मराठी गाणारा कोण भेटणार?

दुसरा तपशील बागेचा. कैदेतील त्र्यंबकजीने पिंपळाच्या सावलीत लहानशी बाग केली होती, तीत तेरडा आणि इतर फुले लावली होती, आणि ती त्याने पाहुण्याला दाखवली. इजाऱ्याच्या वसुलीने ज्याच्या नावाला दहशत चिकटली तो माणूस तेरड्याला पाणी घालताना दिसतो. हेबरच्या निवेदनाचा सूर ह्या जागी नकळत मवाळ होतो. कैदी म्हातारा होतो, फुले लावतो, आणि वाचकाच्या मनातून पंढरपूर पुसले जाते.

हाच प्रसंग जवळजवळ दोनशे वर्षांनी निराळ्या मुलखात पुन्हा लिहिला गेला. विल बार्डनवर्पर ह्या अमेरिकी लेखकाचे, सद्दाम हुसेनच्या अखेरच्या महिन्यांविषयीचे पुस्तक २०१७ मध्ये आले. लेखक स्वतः इराकमध्ये लष्करी अधिकारी म्हणून राहिलेला होता. खटल्याच्या काळापासून ३० डिसेंबर २००६ च्या फाशीपर्यंत सद्दामवर पहारा देणाऱ्या बारा अमेरिकी शिपायांच्या आठवणींवर ते उभे आहे. बहुतेक विशीतली पोरे. कैद्याशी सलगी करू नये, असे त्यांना बजावलेले. तरी दिवसाचे तास एका खोलीत घालवताना सलगी होतेच. तो सिगार ओढतो, व्यायामाच्या सायकलीला तट्टू म्हणतो, त्यांच्या घरच्या गोष्टी विचारतो, तुरुंगाच्या आवारातील रानटी रोपांना फुलझाडे असल्यासारखे पाणी घालतो. येथेही बाग आली. फाशीनंतर ह्यांतील काहींना आपण एका जवळच्या माणसाला मारायला नेऊन दिले, असे वाटत राहिले.

चुनारची बाग आणि बगदादची बाग ह्यांत एक मोठा फरक आहे. चुनारची बाग पाहुण्याच्या डोळ्यांनी दिसते. बगदादची पहारेकऱ्यांच्या. बार्डनवर्परच्या पुस्तकाचे सामर्थ्य आणि त्याचा धोका दोन्ही ह्यातच आहेत. पहारेकरी निवेदनाचे केंद्र झाला की कैद्याची सत्ता निवेदनाबाहेर राहते, कारण पहारेकऱ्याने ती भोगलेली नसते. त्याच्यासमोर आहे तो एक वयस्क, विनोदी, नीटनेटका माणूस. ज्यांची माणसे मारली गेली ते इराकी त्या खोलीत नसतात, आणि त्यांची भाषाही पहारेकऱ्याला येत नसते. लेखकाला ह्याची जाणीव आहे. त्याने सद्दामच्या क्रौर्याचे दाखले पुस्तकात मधूनमधून आणले आहेत, पण ते बाहेरून आणलेले वाटतात. खोलीतला जिव्हाळा आतला वाटतो. हा दोष हेतूचा नाही, स्थानाचा आहे. निवेदक जेथे उभा राहतो तेथून जे दिसत नाही ते नुसत्या माहितीने भरून निघत नाही.

ठाण्याच्या गोष्टीत नेमके उलट आहे. तेथील गोऱ्या पहारेकऱ्याला भाषा येत नव्हती, म्हणून त्याला कैद्याचा लळाही लागला नसावा आणि तिरस्कारही वाटला नसावा. किल्ल्यातल्या मराठी नोकरवर्गाला मात्र हा कोण, ते पुरते माहीत असणार. ते गप्प राहिले असतील, तर ते मौन कसले होते? इंग्रजांविषयीच्या रागाचे, पेशव्यांवरील निष्ठेचे, बक्षिसाच्या आशेचे, त्र्यंबकजीच्या भीतीचे, की दोन मोठ्यांच्या भांडणात आपण कशाला पडा ह्या जुन्या शहाणपणाचे? नंतरच्या राष्ट्रीय वळणाच्या वाचनाने ह्यातले पहिले उत्तर गृहीत धरले. भीतीचे उत्तर कोणी तपासले नाही. कालचा सत्ताधीश उद्या परत येऊ शकतो, हे ज्याला ठाऊक आहे असा माणूस पहाऱ्याजवळ असेल, तर त्याच्या गप्प बसण्याला देशभक्तीची गरज पडत नाही.

रत्नागिरीचा दाखला येथे थोडक्यात आठवावा. ब्रह्मदेशचा पदच्युत राजा थिबा १८८६ पासून १९१६ मध्ये मरेपर्यंत तेथे नजरकैदेत होता. अमिताव घोष यांच्या ‘द ग्लास पॅलेस’ ह्या २००० सालच्या कादंबरीने ती कैद जगभर नेली. राजाची थोरली मुलगी आणि राजवाड्याच्या दारावरचा एक मराठी नोकर ह्यांचे नाते, त्यांची रत्नागिरीत मराठी बोलत वाढलेली मुलगी, हा इतिहास आहे. घोष यांनी त्या नोकराला कोचवान केले. कादंबरीच्या रचनेला ते सोयीचे असेल, परंतु दार राखणारा आणि गाडी हाकणारा ह्यांच्या स्थानात फरक आहे. दार राखणारा व्यवस्थेचा हात असतो. त्याने आतल्या माणसाशी नाते जोडले तर व्यवस्थेलाच तडा जातो. कोचवानाच्या प्रेमात साहस आहे, दारवानाच्या प्रेमात कर्तव्यभंगही आहे. ललित लेखकाने अधिक अवघड पात्र सोडून सोपे घेतले, असे म्हणावेसे वाटते.

मराठीत ह्या विषयावरची महत्त्वाची कादंबरी म्हणजे ना. सं. इनामदार यांची ‘झेप’ (१९६३). त्र्यंबकजीला नायकपद देण्याचे धाडस तिने केले. इतिहासाने कलंकित ठरवलेल्या पुरुषाकडे आतून पाहण्याची इनामदारांची वृत्ती पुढे बाजीरावावरच्या ‘मंत्रावेगळा’त आणि औरंगजेबावरच्या ‘शहेनशहा’तही दिसते. ऐतिहासिक कादंबरीला साचेबंद खलनायकांतून सोडवण्याचे श्रेय त्यांना द्यावेच लागेल. पण नायकपद मिळालेल्या कैद्याभोवतीची माणसे अपरिहार्यपणे साहाय्यक किंवा अडथळा एवढ्याच भूमिकांत वाटली जातात. कैद्याच्या अंतर्मनात शिरणारा निवेदक पहारेकऱ्याच्या अंतर्मनात शिरत नाही. ही एका कादंबरीची उणीव नाही, प्रकाराची आहे. ऐतिहासिक कादंबरीवरील आपले प्रबंध उदात्तीकरणाची चर्चा पानेच्या पाने करतात, आणि उदात्तीकरणासाठी कोणाकोणाला मुके करावे लागते ते एका परिच्छेदातही पाहत नाहीत.

ह्या मुकेपणाला एक जुना साचाही कारणीभूत आहे. ठाण्याच्या पलायनातील अडचणी लोकांनी फार फुगवून सांगितल्या, हे डफनेच नोंदवले आहे, आणि आग्ऱ्याच्या सुटकेशी त्याची तुलना होणे मराठी मनाला स्वाभाविकच होते. पण दोन गोष्टींची ठेवण एक नाही. आग्ऱ्याच्या कथेत पहाऱ्याचा अधिकारी फुलादखान नावानिशी येतो, पलंगावर निजलेला हिरोजी फर्जंद नावानिशी येतो, आणि फसतो तो डोळा. ठाण्याच्या कथेत पहारेकऱ्याला नाव नाही आणि गाणाऱ्यालाही नाही. आग्ऱ्याचा कैदी निसटला तेव्हा त्याच्या मागे पंढरपूरचे प्रेत नव्हते. तुलना केली की शिवाजी महाराजांच्या कथेचे नैतिक तेज त्र्यंबकजीच्या कथेवर आपोआप पडते, आणि गंगाधरशास्त्री कथेतून दुसऱ्यांदा नाहीसे होतात.

त्र्यंबकजीला न्यायालयापुढे उभे करून शिक्षा झालेली नव्हती, हेही ह्या संदर्भात लक्षात घ्यावे लागते. एल्फिन्स्टनची चौकशी ही फिर्यादीचीच चौकशी होती. सद्दामच्या पहारेकऱ्यांना रोज न्यायालयातून परतणारा आरोपी दिसत होता. ठाण्यातल्या शिपायाला दिसत होता तो निव्वळ डांबून ठेवलेला माणूस. अपराध सिद्ध न झालेल्या पण लोकांनी अपराधी मानलेल्या माणसावरचा पहारा हा वाङ्मयीन दृष्ट्या कितीतरी अधिक गुंतागुंतीचा विषय आहे. तो पेलायचा तर लेखकाला खिडकीच्या आतून किंवा बाहेरून नव्हे, तर किल्ल्याच्या तबेल्यातून निवेदन करावे लागेल. तेथे घोड्याला खरारा करणारा एकजण गुणगुणतो आहे आणि शेजारचा ऐकून न ऐकल्यासारखे करतो आहे.

तो किल्ला पुढे तुरुंग झाला. १९१० च्या एप्रिलात अनंत कान्हेरे, कृष्णाजी कर्वे आणि विनायक देशपांडे ह्यांना तेथेच फाशी देण्यात आली. त्या तिघांविषयी मराठीत पुष्कळ लिहिले गेले. त्यांच्या कोठडीबाहेर त्या रात्री उभे असलेले शिपाई मात्र मराठी समजणारे असले, तरी आपल्या वाङ्मयात अजून काही ऐकत नाहीत.